दहा चाकांवरून चार चाकांवर

सावद्याच्या पलीकडच्या त्या गावात जीवरामला आडनावानं कोणी ओळखत नसे. 'जीवराम डायव्हर' म्हटलं की कोणीही बोट दाखवून घर सांगायचं. तीस-बत्तीस वर्षं त्यानं केळीचा ट्रक दिल्लीला नेला आणि परत आणला. दहा चाकांचा ट्रक शेठचा होता, पण गावाच्या लेखी तो जीवरामचाच. तो फाट्यावर आला की हॉर्नवरून लोक ओळखायचे, आणि त्याची बायको सुगंधाबाई चुलीवर भाकरीचा तवा चढवायची. दोन दिवस घरी, मग पुन्हा आठ-दहा दिवस रस्त्यावर, असा त्यांचा संसार झाला. मुलगा कुंदन जन्मला तेव्हा जीवराम मथुरेच्या अलीकडे ट्रकखाली आडवा होऊन गिअरबॉक्सशी झटत होता.

एकसष्टाव्या वर्षी, भुसावळच्या बाहेर, भरला ट्रक चालवताना त्याच्या छातीत कळ आली. त्याही अवस्थेत त्यानं ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, चाकांना दगड लावायला क्लीनरला सांगितलं आणि मगच तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "जड गाडी आता बंद. लांबचा पल्ला बंद, रात्रीचं जागरण बंद. जवळपास हलकी गाडी चालवा, त्याला माझी हरकत नाही."

शेठनं घरी येऊन शाल आणि नारळ दिला आणि किल्ली नेली. पुढच्याच आठवड्यात नवा ड्रायव्हर तोच ट्रक घेऊन फाट्यावरून गेला. हॉर्न ऐकून सुगंधाबाईचा हात सवयीनं तव्याकडे गेला. जीवराम खाटेवर बसला होता. तो उठला, अंगणाच्या टोकापर्यंत गेला आणि ट्रक दिसेनासा झाल्यावर परत येऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

बापाचे असे दोन-तीन महिने पाहून कुंदननं एक जुनी पिकअप आणली. त्याची केळीची बाग होती, खतं-औषधं आणायला, माल बाजारात न्यायला गाडी लागतच होती. त्यानं किल्ली बापाच्या हातात दिली.

"आबा, धुळ्याच्या मार्केटले केळी न्यायची तुमी. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी."

जीवरामनं गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या हौदाचा पत्रा बोटानं वाजवून पाहिला. डब्यासारखा आवाज आला.

"हे गाडी हाये का खेळनं?" तो म्हणाला. पण किल्ली त्यानं परत दिली नाही.

सुगंधाबाईला मात्र पिकअप पहिल्या दिवसापासून आवडली. ट्रकमध्ये तिला कधी बसायला मिळालं नव्हतं. शेठचा नियम होता, आणि घरात लहान मूल, सासू, गोठा. दिल्ली लाइनीवरचं सगळं तिनं नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. आता घराची जबाबदारी सून मोनालीनं उचललेली होती. एका सकाळी जीवराम धुळ्याला निघाला, तर सुगंधाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवीत भाकरी आणि ठेचा घेऊन दाराशी उभी.

"तू कठी चालली?"

"तुमच्यासंगं. डॉक्टरनं सांगितलं ना, एकट्यानं जाऊ नका म्हनून."

डॉक्टरांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. जीवरामला ते माहीत होतं. तरी त्यानं डावीकडचं दार उघडलं.

त्या दिवसापासून ती आठवड्यातून दोनदा तरी त्याच्याबरोबर जाऊ लागली. नशिराबाद मागे पडलं, जळगाव आलं, एरंडोल, पारोळा, सगळ्यांची नावं ती पाट्यांवरून सावकाश वाचायची. तापीवरचा पूल, गिरणेवरचा पूल. जीवराम सुरुवातीला गप्प असायचा. मग हळूहळू बोलू लागला. इथं एकदा टायर फुटला होता, या ढाब्यावर पूर्वी एक म्हातारा इतकी चांगली डाळ करायचा. सुगंधाबाईला वाटायचं, तीस वर्षांचा राहिलेला संसार आत्ता चालला आहे, केळीच्या घडांपुढे बसून.

एकदा दुपारी तिनं हट्ट धरला की आपण भाकरी खायची नाही, ढाब्यावर जेवायचं. पारोळ्याच्या पुढे एक मोठा ढाबा होता. जीवराम तिथं किती वेळा थांबला असेल, त्याची गणती नव्हती. त्यानं सवयीप्रमाणे पिकअप पुढच्या मोकळ्या पटांगणात, ट्रकांच्या रांगेत घातली. ढाब्याचा मालक बदलला होता. गल्ल्यावरचा माणूस बाहेर आला आणि लांबूनच हात हलवत ओरडला, "ओ बाबा, ती पिकअप तिकडे मोटारसायकलींकडे लावा. इथं ट्रक लागतात."

खाटांवर बसलेले चार-पाच ड्रायव्हर वळून बघू लागले. त्यांच्यात एकही ओळखीचा चेहरा नव्हता. जीवरामनं मान खाली घालून गाडी मागे घेतली आणि निंबाखाली मोटारसायकलींच्या शेजारी लावली. सुगंधाबाईनं शेवभाजी खाल्ली, बोटं चाटली, दोनदा कांदा मागून घेतला. "लयी मस्त हाये हो," ती म्हणत होती. जीवरामनं अर्धी रोटी ताटात तशीच ठेवली.

दुसऱ्याच दिवशी तो एकटा जळगावला गेला, नजीरकडे.

नजीर शेख ट्रकच्या बॉड्या बांधायचा. अजिंठा चौफुलीच्या पुढे हायवेला त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं, घर मेहरूणला. कंपनीतून नुसतं इंजिन आणि सांगाडा यायचा, त्यावर लाकूड-लोखंडाची बॉडी नजीर उभी करायचा. जीवरामनं आयुष्यात जे तीन ट्रक चालवले, त्या तिन्हींच्या बॉड्या नजीरच्या हातच्या. बॉडी बांधून होईपर्यंत जीवराम वर्कशॉपमध्येच राहायचा, नजीरची बायको सलीमा त्याच्यासाठी घरून डबा पाठवायची. पहिल्या बॉडीच्या वेळी दोघंही तिशीच्या उंबरठ्यावर होते.

आता मात्र वर्कशॉप रिकामं होतं. ट्रक तयार बॉडीसकट कंपनीतूनच येऊ लागले होते. नजीर एका पलंगाच्या पायाला रंधा मारत बसला होता.

"अरे, डायव्हर!" तो उठला. "तब्येत कशी हाये? सलीमा रोज विचारते तुझं."

"तब्येत राहू दे. हे पाह्य." जीवरामनं पिकअपकडे हात केला. "याले ट्रक करून दे."

नजीर हसला. मग जीवरामचा चेहरा पाहून थांबला.

"म्हणजे काय करू?"

"केबिनवर ताज पाहिजे, मोठ्या गाडीले असते तसा. मागं लाकडाची बॉडी, माह्या डोक्याइतकी उंच. पाठीमागं जड फाळका. कमानपाटे वाढव खालून, गाडी उंच होईन. रंग, गोंडे, बठ्ठं काही."

नजीर गाडीखाली वाकून बघून आला. हात पुसत म्हणाला, "जीवराम, ही गाडी छोटी हाये. इतकं लाकूड हिच्यावर चढवलं तर निम्मं वजन त्याचंच होईल. आणि उंच केली की वळणावर झुकेल. तुला माहीत हाये हे, माझ्यापेक्षा जास्त. नवीन फळ्या टाकतो, फाळका चांगला करून देतो. एवढंच कर."

"मले तेवढं नको."

"मग मी नाही करणार."

"काहून? मी पैशे देणार नही का?"

"पैशाचं काय बोलतो? भाभी बसते ना तुझ्यासोबत त्या गाडीत?"

जीवरामला राग आला. त्या रागात ढाब्यावरची दुपार होती, शेठची शाल होती, अंगणातून दिसलेला ट्रक होता. पण समोर होता तो नजीर.

"सरळ सांग ना, आता तुह्याकडून होत नही. पलंगाचे पाय घासत बस तू. उद्या कोंबड्याचे खुराडे बनवशीन."

नजीरनं रंधा उचलला आणि पुन्हा पलंगाच्या पायापाशी बसला. जीवराम गाडीत बसून निघून गेला. त्यानं चहासुद्धा घेतला नाही, आणि असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

धुळ्याला निंबा मिस्तरी नावाचा एक तरुण कारागीर मिळाला. जीवरामनं सांगितलेलं त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आबा, इतली उंच कशाले करतस? पिकअप शे ही."

"तुले जमते का नही, ते सांग."

"जमी ना. तुम्ही म्हनशात तशी करी दिसू."

आणि त्यानं करून दिली. दहा-बारा दिवसांनी पिकअप गावात आली तेव्हा पोरं मागे धावली. केबिनवर पितळी पट्ट्यांचा ताज, बाजूंना हिरव्या-लाल रंगाच्या उंच फळ्या, कोपऱ्यांना काळे गोंडे, मागे फाळक्यावर दोन मोर. हॉर्नही बदललेला. कुंदनला हे काहीच विचारलं नव्हतं. तो बराच वेळ गाडीकडे बघत राहिला. बापाच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू दिसत होतं, म्हणून तो काही बोलला नाही. फक्त मोनालीला आत जाऊन म्हणाला, "मले काही हे बरं वाटत नही."

पुढच्या खेपेला जीवरामनं त्याच ढाब्यावर गाडी सरळ ट्रकांच्या रांगेत घातली. या वेळी कोणी हटकलं नाही. एक पंजाबी ड्रायव्हर तर गोंडे बघायला उठून आला आणि "बढिया सजाया है, बाबाजी" म्हणाला. जीवराम त्याच्याशी कितीतरी वेळ बोलत बसला. सुगंधाबाई खाटेच्या कडेला बसून ऐकत होती. त्या दोघांनी ग्वाल्हेरच्या एका वळणाची आठवण काढली तेव्हा जीवराम इतका मोठ्यानं हसला की तिलाही हसू आलं.

निघाल्यावर मात्र ती म्हणाली, "हे आता डुलते हो. पोटात ढवळते माह्या."

"ट्रक डुलतेच," जीवराम म्हणाला. "सवय होईन तुले."

जीवरामचा एक जुना नेम होता. रिकामी गाडी परत आणायची नाही. धुळ्याला केळी उतरवली की तो काहीतरी परतीचा माल शोधायचा. डिसेंबरात कापसाचे दिवस होते. शिंदखेड्याकडच्या एका गावातल्या झुलाल नावाच्या शेतकऱ्याचा कापूस जळगावच्या जिनिंगला न्यायचा ठरला. सुगंधाबाई बरोबर होती.

झुलालच्या घरात छतापर्यंत कापूस भरलेला. मजुरांनी गाडीत टाकायला सुरुवात केली. दोघं जण आत उभे राहून पायांनी तुडवत होते. उंच फळ्यांच्या वरपर्यंत कापूस आला तरी घरात बराच उरला.

झुलाल म्हणाला, "आबा, दोन खेपा करूत. आजनी एक, परवादिन एक."

"एकाच खेपेत जाईन," जीवराम म्हणाला. "ट्रक हाये हा."

मग फळ्यांच्या वर आणखी माणूसभर उंच कापूस रचला, ताडपत्री टाकली, दोर आवळला. लांबून गाडी म्हणजे मोर काढलेल्या फाळक्यावर बसलेला पांढरा डोंगर दिसत होती. जीवराम मागे जाऊन एकदा बघून आला. त्याला बरं वाटलं. त्या गाडीला आता कोणी खेळणं म्हणालं नसतं.

गावातून बाहेर पडणारा रस्ता अरुंद होता. बाजूच्या शेतांपेक्षा रस्ता उंच, आणि कडा पावसानं खाल्लेल्या. दुपारचं वारं सुटलं होतं. समोरून ऊस भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर आला. जीवरामनं सवयीनं गाडी डावीकडे दाबली. डावी चाकं डांबर सोडून मातीत उतरली. मोठ्या ट्रकच्या बाबतीत हे त्यानं हजारदा केलं होतं, पण त्या ट्रकचं रुंद बूड जमीन धरून ठेवायचं. इथं वरचं वजन आधी कललं. त्याच्या पाठीला ते कळलं. त्यानं स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, आणि त्या क्षणी त्याला समजलं की गाडी आता त्याचं ऐकत नाही.

गाडी पटकन उलटली नाही. आळस दिल्यासारखी हळूच डावीकडे झुकली, झुकत राहिली, आणि मग खालच्या हरभऱ्याच्या शेतात आडवी झाली. ताज वाकून काचेवर आला. दोर तुटला. कापूस सगळ्या शेतभर पसरला.

सुगंधाबाई खाली, दारावर. जीवराम तिच्या अंगावर पडलेला. धूळ बसेपर्यंत त्याला काही सुचेना. मग खालून तिचा आवाज आला.

"तुमची छाती बरी हाये ना?"

"बरी हाये. तुले काय झालं?"

"हात उचलत नही," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा कण्हली.

ट्रॅक्टरवाला, झुलाल, मजूर धावत आले. त्यांनी वरच्या दारातून दोघांना काढलं. जीवरामच्या कपाळाला खरचटलं होतं, तेवढंच. सुगंधाबाईचं डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. कोणाच्या तरी गाडीतून तिला धुळ्याला दवाखान्यात नेलं. सबंध रस्ताभर जीवराम तिचा उजवा हात धरून बसला होता. त्याच्या केसांत, मिशीत कापसाचे तंतू अडकलेले होते आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

संध्याकाळी कुंदन आणि मोनाली पोचले. कुंदन आधी आईकडे गेला. मग बाहेर बाकावर बसलेल्या बापापाशी येऊन उभा राहिला. रस्ताभर त्यानं काय काय बोलायचं ठरवलं होतं. बाप त्याच्याकडे वर बघत नव्हता.

"आबा, चाय घेतला का काही?" कुंदननं विचारलं.

जीवरामनं मान हलवली. "मोडून टाक ते गाडी," तो म्हणाला. "भंगारात दे. मी आता किल्लीले हात लावत नही."

झुलालचा कापूस गावकऱ्यांनी गोळा केला. बराचसा वाचला. पिकअप उभी करून दुसऱ्या गाडीनं ओढत गावी आणली. कुंदननं ती गोठ्यामागे लावून वर ताडपत्री टाकली, बापाच्या नजरेला पडू नये म्हणून.

आठ-दहा दिवसांनी दुपारी एस.टी.नं नजीर आणि सलीमा आले. कुंदननं फोन केला होता. सलीमानं डब्यात खिमा आणि पराठे आणले होते. सुगंधाबाई माळकरी नव्हती आणि नजीरच्या घरचा खिमा तिला आवडायचा, हे सलीमाला ठाऊक होतं. ती सरळ आत सुगंधाबाईच्या खाटेपाशी गेली. नजीर ओसरीवर जीवरामसमोर बसला.

आधी जीवरामच म्हणाला, "बोल ना. मी सांगितलं होतं, म्हन."

"मी ते म्हणायला आलो नाही."

"मग काय म्हनाले आला?"

"भाभीला पाहायला. आणि गाडी पाहायला. कुठे हाये?"

"ते विकणार हाये मी."

आतून सुगंधाबाईचा आवाज आला. "कोन विकणार हाये?"

खांद्याला पट्टा बांधलेला, सलीमाच्या आधारानं ती दारात येऊन उभी राहिली. जीवराम उठू लागला. तिनं उजव्या हातानं त्याला बसवलं.

"नजीरभाऊ, तुमीच सांगा. तीस वर्षं ह्यांचा ट्रक मी दारातून पाहिला. येतानी पाहिला, जातानी पाहिला. एकडाव बसू दिलं नही कोनी. कुंदन तापानं फनफनला तवा ट्रक ग्वाल्हेरले होता. माही सासू गेली तवा ट्रक दिल्लीले होता. तो ट्रक मोठा होता, मी काही नही म्हनत. पन तो ह्यांले घेऊन जाये. आता कुठं मी ह्यांच्यासंगं चार गावं पाहू राह्यली, तर हे म्हनतात विकून टाकतो."

"तुहा हात मोडला त्या गाडीनं," जीवराम म्हणाला.

"गाडीनं नही मोडला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमाले माहीत हाये कशानं मोडला."

जीवरामनं तोंडावर पंचा धरला. त्याचे खांदे हलत होते. नजीर उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला, आणि सुगंधाबाई सलीमाला घेऊन आत गेली.

थोड्या वेळानं दोघं गोठ्यामागे गेले. नजीरनं ताडपत्री काढली. ताज वाकलेला, एका बाजूच्या फळ्या फुटलेल्या, मोरांच्या मानेवरून तडा गेलेला. नजीरनं चेसिसवरून हात फिरवला, वाकून पाटे बघितले.

"सांगाडा सरळ हाये," तो म्हणाला. "उद्या ओढून जळगावला आण. मी करतो. पण मी म्हणतो तशी."

"तू म्हनशीन तशी," जीवराम म्हणाला. मग अडखळत, "मी तुले ते... खुराड्याचं बोललो..."

"खुराडी पण केली मी यंदा. दोन." नजीर हसला. "चांगली झाली." मग जरा थांबून म्हणाला, "जागेच्या मालकाला तिथं शोरूम टाकायचं हाये. पाडव्याच्या आत खाली करून द्यायचं. तुझी गाडी तिथलं शेवटचं काम."

जीवरामला हे माहीत नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं.

त्यानंतर तीन आठवडे जीवराम रोज सकाळच्या एस.टी.नं जळगावला गेला. नजीरनं आधी सगळं चढवलेलं उतरवलं. ताज निघाला, उंच फळ्या निघाल्या, जादाचे पाटे निघाले. उघडी गाडी इतकी लहान दिसू लागली की जीवरामला नजर वळवावी लागली. मग नजीरनं फुटलेल्या फळ्यांतलं धड लाकूड निवडलं, कापलं, रंधा मारला. जीवराम फळीचं दुसरं टोक धरायचा, खिळे द्यायचा, भुसा झाडायचा. दुपारी मेहरूणहून डबा यायचा, पूर्वीसारखाच, फक्त आता तो सलीमाऐवजी सून सबा भरायची. जेवताना दोघं जुन्या तीन बॉड्यांबद्दल बोलायचे. कोणत्या ट्रकची कोणती फळी करकरायची, हे नजीरला अजून आठवत होतं.

"तुले वाईट नही वाटत?" जीवरामनं एकदा विचारलं. "एवढं मोठं काम करत होता तू."

नजीरनं घास संपवला. "वाटतं ना. पहिल्या वर्षी तर मी हायवेवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचो. आपली एखादी दिसते का. उमर म्हणायचा, अब्बा, घरी चला." तो पाणी प्यायला. "मग पलंग बनवायला लागलो. पलंगावर माणूस झोपतो, त्यालाही मजबूत लागतं."

गाडी तयार झाली. बाजू कमरेएवढ्या, सागाच्या, घट्ट. फाळका एका माणसाला उचलता येईल असा. रंग साधा निळा. जीवरामनं ती वर्कशॉपबाहेर काढून हायवेवर एक चक्कर मारली आणि परत आला.

"कशी हाये?" नजीरनं विचारलं.

"रस्ता धरते," जीवराम म्हणाला.

पाडव्याच्या आधी नजीरचं सामान हलवायचं होतं. नशिराबादला त्याच्या मेहुण्याच्या घराशेजारी एक छोटं शेड मिळालं होतं. तिथं तो दारं-खिडक्या करणार होता. कुंदन म्हणाला, मोठा टेम्पो पाहू. जीवराम म्हणाला, "कोनाले बोलावू नको. मी नेतो."

सुगंधाबाईचा पट्टा सुटला होता. खांदा अजून दुखायचा, पण ती ऐकेना. डावं दार उघडून ती चढली तेव्हा जीवरामनं तिला सीटचा पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला, आणि मगच गाडी सुरू केली.

जड करवत, वेल्डिंगचं मशीन, अवजारांच्या पेट्या, उरलेलं लाकूड. रचून झाल्यावर नजीर म्हणाला, "अजून जागा हाये, ते दोन वासे टाकू का?" जीवराम मागे गेला, टायरांकडे बघितलं, पाट्यांकडे बघितलं.

"नको," तो म्हणाला. "ते दुसऱ्या खेपेले."

नशिराबादची ती गल्ली निमुळती होती. दोन्ही बाजूंना ओटे, दारात बकऱ्या, नळाचे पाइप. जीवराम आरशात बघत सावकाश गाडी मागे मागे नेत होता, आणि नजीर मागून हातानं दाखवत होता. एका ओट्यावर एक म्हातारी खाटेवर पापड वाळत घालत बसली होती. ती उठून ओरडली, "ओ भाऊ! तुमचा ट्रक जरा तिकडून घ्या. धूळ बसू राह्यली माह्या पापडावर."

"घेतो अक्का," जीवराम म्हणाला, आणि गाडी हातभर उजवीकडे घेऊन शेडच्या दारापाशी नेमकी लावली. उतरून तो फाळक्याचे अडसर काढू लागला. सुगंधाबाई गाडीतच बसून पदरानं तोंड झाकून हसत होती. त्यानं विचारलं, "काय झालं व?" ती म्हणाली, "काही नही. सामान उतरवा."

करवत उतरवायला उमर आणि मेहुणा आले. दुसरी खेप दुपारी झाली. शेडमध्ये विजेचं बटण कुठं घ्यायचं यावर नजीर आणि मेहुण्याचा वाद चालला होता, सलीमा आणि सुगंधाबाई लाकडाच्या ढिगावर बसून चहा पीत होत्या. जीवराम गाडीचा हौद झाडत होता.

पहिलं काम नजीरला तिथल्याच एका माणसाचं मिळालं, चार दारांचं. दारं झाल्यावर ती धुळ्याला पोचवायची होती, कारण त्यानं तिकडे नवं घर बांधलं होतं. नजीरनं फोन केला, "डायव्हर, मंगळवारी मोकळा का?"

मंगळवारी जीवरामनं केळी भरली नाहीत. दारं गोणपाटात गुंडाळून, आडवी, दोरानं बांधून नेली; नजीर आणि सुगंधाबाई बरोबर होते. पारोळ्याच्या पुढे त्या ढाब्यावर जेवायला थांबला. गाडी निंबाच्या झाडाखाली सावलीत लावली, कारण उन्हात लाकूड तडकतं. नजीर, सुगंधाबाई आणि तो, तिघं एका खाटेवर बसले. सुगंधाबाईनं न विचारता तिघांची शेवभाजी मागवली, आणि वर सांगितलं, "कांदा जास्तीचा आना."